दुर्कसबाईंच्या दगडावरचा शब्द

माझे सासरे समोरच्या आरामखुर्चीत बसून बशीतून चहा पीत होते आणि माझ्या हातातल्या कागदावर ते मेलेले होते.

कागद आणला होता उमाप मास्तरांनी. मास्तर म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंच कमिटीचे अध्यक्ष. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज अजून वर्गातलाच होता. माझ्या सासूबाई, दुर्कसबाई, नाताळाच्या आधी गेल्या. आमच्या गावात अशी रीत आहे की माणूस गेलं की नंतरच्या पहिल्या ईस्टरला त्याच्या कबरीवर दगड बसवायचा. त्या पहाटेची उपासना दफनभूमीतच होते, आणि नवे दगड सगळ्या मंडळीला दिसतात. ईस्टर तोंडावर आला होता. दगडावर काय कोरायचं ते कमिटीने मंजूर करून इंग्रजीत लिहून दिलं होतं.

"सूनबाई, तुम्ही कॉलेजात इंग्रजी शिकवता. जरा नजरेखालून घाला," मास्तर म्हणाले. "दगडावर एकदा चूक झाली की ती खोडरबरानं पुसता येत नाही."

मी वाचलं. 'मिसेस दुर्कस मकासरे, रेलिक्ट ऑफ रेव्हरंड जयवंत मकासरे.' खाली बायबलातलं वचन, जन्म आणि मृत्यूच्या तारखा.

रेलिक्ट हा इंग्रजीतला जुनापुराणा शब्द. त्याचा अर्थ विधवा. बोलण्यात आता कुणी वापरत नाही. सापडला तर जुन्या कबरींवर नाहीतर जुन्या मृत्युपत्रांत सापडतो. आणि रेव्हरंड जयवंत मकासरे, म्हणजे चर्चचे जुने पाळक, माझ्यासमोर बशीतला चहा फुंकून गार करत होते.

"मास्तर, हा रेलिक्ट शब्द..." मी जपून सुरुवात केली.

मास्तरांचा चेहरा खुलला. "ती पदवी आहे. पाळकाला जशी रेव्हरंड, तशी पाळकिणीला रेलिक्ट. मिशनरी साहेबाच्या काळापासून चालत आलीय. पाळकांच्या रांगेतली पहिली कबर बघा, त्याच्या मडमेची. तिच्यावर आहे. साहेबाच्या बायकोला मान, मग आपल्या बायकांना का नको? म्हणून आपल्या पहिल्या पाळकांनी तो सुरू केला."

"म्हणजे सगळ्यांच्याच दगडांवर आहे?"

"सरसकट नाही देत. कमिटीत ठराव होतो. थोरात पाळकांच्या पत्नीला नाकारला होता. बाईंनी कधी महिला मंडळात पाऊल टाकलं नाही. थोरात घराणं तेव्हापासून रुसून तालुक्याच्या देवळात जातं." मग मास्तरांनी आवाज जरा खाली आणला. "माझ्या आईच्या दगडावर आहे. वडीलही पाळक, ते त्यानंतर कितीतरी वर्षं होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला मुद्दाम नेऊन दाखवायचे."

मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून मी खोकले. पुण्यातून बदली होऊन मी नुकतीच सासरी राहायला आले होते. त्याआधी सुट्टीत यायचे तेवढंच. पाळकांची रांग मी लांबून पाहिली होती, पण एकेक दगड वाचत कधी फिरले नव्हते.

तेवढ्यात बाबांनी बशी खाली ठेवली. सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणायचो. ते म्हणाले, "हेमा, तिची एवढी एकच मागणी होती."

माझं हसू तिथल्या तिथे विरलं.

दुर्कसबाई शिकलेल्या नव्हत्या. मराठी अक्षरं त्या लग्नानंतर शिकल्या, तीही बाबांचा डोळा चुकवून. नवऱ्याला चूक सापडली तर काय घ्या, म्हणून. बाबा खेड्याखेड्यांतून उपासना घेत हिंडायचे आणि इकडची मंडळी त्या सांभाळायच्या. कुणाच्या घरी बाळंतपण असलं की या हजर. कुणाची बाई गेली की तिला न्हाऊ घालून शेवटचं लुगडं नेसवायचं काम यांचंच. सगळं गाव त्यांना पाळकीणबाई म्हणायचं. दुर्कस हे नाव बऱ्याच जणांना त्या गेल्यावर कळलं.

ईस्टरच्या आठवड्यात बायका कबरींना चुना द्यायला जात. दुर्कसबाई काथ्या घेऊन त्या रांगेतले दगड घासत आणि त्या शब्दाशी आल्या की हात हळू करत, असं बाबांनी मला सांगितलं होतं. आजारपणात एकदा त्या म्हणाल्या, "त्या बायांच्या नावाला जो शब्द लावलाय, तो माझ्या दगडावर घाला. नवऱ्याच्या नावाच्या आधी येतो बघा तो." बाबांनी हो म्हटलं. ज्या माणसाने आयुष्यात कमिटीकडे कधी काही मागितलं नाही, बदली कुठेही झाली तरी बैलगाडीत सामान टाकलं, तो माणूस बायकोसाठी हात जोडून कमिटीपुढे उभा राहिला. आणि कमिटीने तिथेही घोळ घातला. दुर्कसबाई शिकलेल्या नाहीत, त्यांना पदवी कशी द्यायची म्हणून. शेवटी एकदाचा ठराव झाला.

आता मी काय सांगणार?

"कागद राहू द्या, मास्तर. उद्या देते," एवढंच मी म्हणाले.

"उद्या नक्की. लतीफभाई अक्षरं पाडायला थांबलाय."

मास्तर गेल्यावर मी स्वयंपाकघरात विनयला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला आणि मग त्याने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"बाबांना सांगू नकोस," तो म्हणाला. "या गावात तो शब्द कळणारी तू एकटी. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"झाकली कुठाय? संगमरवरावर कोरणार आहेत."

"कोरू देत. आईला हवा होता. बाबांनी शब्द दिलाय. त्यात तू तुझी मास्तरकी करू नकोस."

त्याचं चुकत नव्हतं. पण बाबा दर रविवारी त्या दगडापुढे जाऊन उभे राहणार, आणि मी शेजारी उभी राहून वाचणार की हे गृहस्थ मेले. मला ते जमलं नसतं. माझा स्वभावच वाईट आहे. ताटातला खडा दिसला की मी तो काढल्याशिवाय जेवू शकत नाही, मग ते ताट दुसऱ्याचं का असेना.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत मी सगळ्यांत जाडा शब्दकोश उतरवून घेतला. एखादा दुसरा अर्थ सापडावा, कुठेतरी कोपऱ्यात 'आदरणीय स्त्री' वगैरे, अशी वेडी आशा होती. तसं काही नव्हतं. शब्द मूळचा लॅटिन. मागे सोडून जाणं, या अर्थाच्या क्रियापदातून आलेला. एक जण निघून जातो आणि दुसरं माणूस मागे राहतं, ते रेलिक्ट. त्याच घरातला दुसरा एक शब्द होता, रेलिक. कॅथलिक देवळांत संतांची हाडं, वस्त्रं जपून ठेवतात, त्यांना लावतात तो. तेही मागे राहिलेलंच, पण पवित्र.

बाबांना तेवढंच सांगावं असं मनात येऊन गेलं. शब्दाचं मूळ पवित्र अवशेषांशी जोडलेलं आहे, झालं. ते अर्धं खरं होतं. पण कॉलेजात अर्धं खरं लिहिणाऱ्या पोरांना मी अर्धेच मार्क देत असे.

दुपारी घरी आले तेव्हा बाबा ओसरीवर सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होते. दुर्कसबाई गेल्यापासून हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. त्यांना ते अजिबात येत नव्हतं. खडे तांदळात राहायचे आणि तांदूळ खड्यांत जायचे. आम्ही काही बोलत नसू.

मी समोर बसले.

"बाबा, मास्तर म्हणतात तशी ती पदवी नाहीये."

"मग?"

"त्याचा अर्थ विधवा."

त्यांचं बोट सुपात थांबलं. "कुणाची?"

"पुढे ज्याचं नाव येतं त्याची."

"म्हणजे माझी."

"हो, बाबा."

ते रागावतील, निदान हिरमुसतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी एक खडा उचलला, नीट पाहिला आणि बाजूला ठेवला.

"मूळ काय शब्दाचं?"

हे मला कळायला हवं होतं. बाबा धर्मशास्त्राच्या शाळेत थोडं ग्रीक शिकलेले. प्रवचनात एकेका शब्दाचं मूळ उकरत बसायचे आणि मागच्या बाकांवर लोक जांभया द्यायचे. मी त्यांना लॅटिन सांगितलं. निघून जाणारा आणि मागे राहणारं माणूस सांगितलं. संतांच्या हाडांचंही सांगितलं, पण शेवटी आणि वेगळं करून.

"म्हणजे मी गेलो आणि ती मागे राहिली, असं लिहिलंय."

"हो."

"आणि झालंय उलटं."

मी मान हलवली. बाबा सूप खाली ठेवून उठले आणि कोनाड्यातला चष्मा घेतला.

"चल, दफनभूमीत जाऊन येऊ."

उन्हं कलली होती. पाळकांची रांग चिंचेखाली आहे. बाबा पहिल्या दगडापाशी थांबले, मिशनरी साहेबाच्या बायकोच्या.

"हिचं बरोबर," ते म्हणाले. "साहेब पटकीच्या साथीत गेला. ही इथेच राहिली, शाळा चालवली. मग पुढे?"

आम्ही एकेक दगड वाचत निघालो. मी मजकूर वाचायचे आणि बाबा ते घर सांगायचे. पुढच्या दगडावर हन्नाबाई. तिचे यजमान तिच्यामागे इतके जगले की बाबांचं लग्न त्यांनीच लावलं होतं. त्याच्या पुढच्या बाई पहिल्याच बाळंतपणात गेलेल्या. मग उमाप मास्तरांची आई.

"यांच्या मागे मास्तरांच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं," बाबा म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत, आपल्याच देवळात. म्हणजे इंग्रजीत मेले होते आणि मराठीत वरात निघाली."

त्यांच्या तोंडून हसण्याचा बारीक आवाज आला. दुर्कसबाई गेल्यापासून मी तो ऐकला नव्हता. ते पुढे चालले आणि रांगेच्या टोकाला, शब्द नसलेल्या एका दगडाशी थांबले.

"या थोरातबाई. यांचे यजमान आधी गेले होते. सगळ्या रांगेत गोरी मडम सोडली तर खरी विधवा ही एकटी, आणि नेमका हिलाच आम्ही शब्द नाकारला. भांडून घराणं तोडलं."

आता ते मोकळे हसले. चिंचेच्या खोडाला हात टेकून, चष्मा काढून हसले. मीही हसले. कबरींच्या मधोमध उभे राहून सासरा आणि सून हसतायत, कुणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे. मग माझ्या लक्षात आलं की बाबा आता हसत नाहीयेत. खांदे तसेच हलत होते, पण ते रडत होते. मी त्यांना रडताना प्रथमच पाहत होते. अंत्यविधीला ते रडले नव्हते. तिथे त्यांना शेवटी प्रार्थना करायची होती. मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या हातातला चष्मा घेतला आणि पदराने पुसत बसले.

थोड्या वेळाने ते दुर्कसबाईंच्या कबरीपाशी गेले. तिथे अजून नुसती माती होती.

"तिला मी हो म्हटलंय, हेमा," ते म्हणाले. "कोरलं तर देवापुढे खोटं. नाही कोरलं तर तिच्याशी खोटं. मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द आहे."

"आपण मास्तरांना अर्थ सांगू. ते समजून घेतील."

"नको." हे त्यांनी चटकन म्हटलं. "त्याची आई गेली तेव्हा तो एवढासा होता. त्याला तिचा चेहरासुद्धा आठवत नाही. तो दगडच आहे त्याच्याकडे. त्याला काही सांगायचं नाही. कुणालाच नाही."

"मग?"

ते मातीकडे बघत उभे होते. "हा शब्द पुरुषाला लावता येतो का?"

"सहसा बायकांनाच लावायचे. पण पुरुषाला लावल्याचंही आहे. क्वचित. शब्दकोशात मी पाहिलं."

"कागद आणलायस?"

कागद माझ्या पर्समध्येच होता. बाबांनी खाली बसून तो गुडघ्यावर ठेवला, मास्तरांनी लिहिलेली ओळ खोडली आणि मागच्या बाजूला आपल्या जुन्या वळणदार इंग्रजी अक्षरांत लिहिलं. वर एकटं नाव, दुर्कस मकासरे. मिसेससुद्धा नाही. मग वचन आणि तारखा. आणि सगळ्यांत खाली, 'हिचा रेलिक्ट, जयवंत मकासरे.'

मी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

"रेव्हरंड राहिलंय, बाबा," शेवटी मी म्हणाले.

"राहू दे. तिच्यापुढे मी ते कधी लावलं नव्हतं."

मास्तर संध्याकाळीच आले. कागद वाचून त्यांनी तो उलटा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. सगळा दोष माझ्या पुण्याच्या शिक्षणाचा आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"पाळकसाहेब, हे काय? जिवंत माणसाचं नाव?"

"मास्तर, रांगेतल्या दगडांवर जिवंत माणसांची नावं आधीही लागलीत," बाबा शांतपणे म्हणाले.

"ती बाईच्या पदवीला जोडून. आणि ही पदवी बायकांची आहे, पुरुषाला कशी लागेल? लोक काय म्हणतील?"

"बायकोच्या दगडावर मला बायकांची पदवी मिळाली तर मला त्यात कमीपणा नाही."

"कमिटीनं ठराव तिच्यासाठी केलाय."

"शब्द तिच्याच दगडावर आहे ना? ठराव मोडत नाही."

मास्तरांनी कागद पुन्हा एकदा उलटून पाहिला. शेवटी ते उठले. "म्हातारपणाची हौस म्हणून सोडतो," असं म्हणून त्यांनी खाली सही केली.

लतीफभाईने अक्षरं पाडायला घेतली तेव्हा तोही विचारायला आला. त्याच्या वडिलांनीच रांगेतले बरेचसे दगड केले होते. "साब, हमेशासारखं नाही हे. खालचं वर, वरचं खाली झालंय. चुकलं तर मला बोल लावू नका."

"बरोबर आहे, लतीफभाई. असंच पाड," बाबा म्हणाले.

ईस्टरच्या पहाटे दगड उभा राहिला. दुर्कसबाईंनी ज्यांची बाळंतपणं केली होती त्या बायका एकेक येऊन दगडाला हात लावून गेल्या. त्यांच्यापैकी एकीने मला विचारलं, "पाळकीणबाईंना मिळालं ना ते?" मी म्हटलं, "मिळालं, मावशी." आणि ते खरं होतं. बाबा बाजूला टोपी हातात घेऊन उभे होते, आणि दगडावरचं प्रत्येक अक्षर खरं होतं.

त्यानंतर बाबा बरीच वर्षं होते. तांदूळ निवडायला ते शेवटपर्यंत शिकले नाहीत. दर रविवारी उपासनेनंतर दफनभूमीत जायचे आणि जेवायला परत यायचे. नवे पाळक आले, त्यांपैकी एकाला इंग्रजी चांगलं येत होतं. त्याने दगड वाचला, बाबांकडे पाहिलं आणि त्यांचा हात हातात घेतला.

बाबा गेले ते उन्हाळ्यात, दोन दिवसांच्या तापाने. महिनाभराने उमाप मास्तर काठी टेकत आमच्या ओसरीवर आले. अध्यक्षपद कधीच गेलं होतं, पण कमिटीने या कामासाठी त्यांनाच पाठवलं होतं. दगडाचा मजकूर त्यांनी आधीच तयार करून आणला होता. यावेळी रेव्हरंड मोठ्या अक्षरांत होतं.

"सूनबाई, नजरेखालून घाला," ते म्हणाले. "स्पेलिंग तेवढं."

"मास्तर, बाबांना दगड नकोय. तापात असताना त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलंय. तिच्या शेजारी ठेवा, वर माती राहू द्या, म्हणाले."

मास्तरांना ते पटेना. "पाळकाची कबर आणि दगड नाही? असं कधी झालंय का? का नको म्हणाले?"

मी त्यांना बाबांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

"ती मला मागे ठेवून गेली, ते एकदा कोरून झालंय. आता मी तिच्याकडे चाललोय, हे कुणाला लिहून कळवायचंय?"